घरी फोटो छापताना या चुका टाळा

फोटो फिका आला की आधी शाईवर संशय जातो. बहुतेक वेळा चूक सेटिंगमध्ये असते: ट्रेमध्ये ग्लॉसी (चकचकीत) कागद आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 'प्लेन पेपर'. शाई किती सोडायची, थेंब किती बारीक ठेवायचा, हे इंकजेट प्रिंटर मुख्यतः याच नोंदीवरून ठरवतो. ती चुकली की रंग मळकट येतात, आकाशात दाणे दिसतात. कॅननच्या जी मालिकेतल्या अनेक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) आणि रंगीत शाई डाय (पूर्ण विरघळलेल्या रंगाची) प्रकारची असते. ग्लॉसी निवडलं तर काळा रंग रंगीत शाया मिसळून तयार होतो. प्लेन निवडलं तर पिगमेंट काळी पडते. ती चकचकीत थरात मुरत नाही आणि बोट लागताच पुसली जाते. म्हणून कागद बदलला की आधी 'मीडिया टाइप' बदला, मग क्वालिटी 'हाय' करा. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर जवळचा ग्लॉसी प्रकार निवडून 4×6 इंचाची एक चाचणी काढा. गडद भागात शाई साचली तर यादीतला दुसरा ग्लॉसी प्रकार वापरून बघा. कागदाची चकचकीत बाजूच छापली जातेय ना, हेही पाहा.

इंकजेटचा ग्लॉसी कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. उष्णतेने त्यावरचा थर वितळून फ्यूजरला, म्हणजे कागद तापवणाऱ्या रोलरला, चिकटतो, आणि ती दुरुस्ती महाग पडते.

4×6 इंचाला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) 1200×1800 पिक्सेल लागतात, ए4 ला साधारण 2480×3508. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकुंचन पावतो. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 असतो, 4×6 कागद मात्र 3:2. पूर्ण कागद भरायचा तर आडव्या ग्रुप फोटोचा वरून-खालून मिळून अर्धा इंच कापला जातो आणि मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. क्रॉप स्वतः करा. बॉर्डरलेसमध्ये (कडेला पांढरी पट्टी न सोडता छापताना) चित्र थोडं मोठं करून छापलं जातं, त्यामुळे कडेला आणखी जागा सोडा.

प्रिंट स्क्रीनपेक्षा काळवंडलेली वाटते? स्क्रीनची ब्राइटनेस कमी करून पुन्हा तुलना करा. रंगच वेगळे दिसत असतील तर रंगव्यवस्थापन (रंग जुळवण्याची सेटिंग) फोटोच्या सॉफ्टवेअरकडे किंवा ड्रायव्हरकडे, एकाकडेच ठेवा. दोन्हीकडे चालू राहिलं तर रंग दोनदा बदलतात.

आडव्या रेषा आल्या तर आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालतात का हे दाखवणारं चाचणी पान. तुटक रेघ दिसली तरच हेड क्लीनिंग (शाई सोडणाऱ्या हेडची सफाई), तेही दोन-तीनदाच. प्रत्येक वेळी शाई खर्च होते आणि वेस्ट इंक पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा पॅड) भरत जातो. फरक पडला नाही तर प्रिंटर बारा तास बंद ठेवून पुन्हा तपासा. नोझल चेक नीट असूनही रेषा राहिल्या तर हेड अलाइनमेंट (हेडची जुळणी) करा. आठवड्यातून एक रंगीत पान छापलं की हेड सहसा सुकत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघडा कागद ओलावा धरतो आणि वाकतो. उरलेला कागद सिलिका जेलची पुडी टाकून झिपच्या पिशवीत आडवा ठेवा. छापलेले फोटो एकावर एक रचू नका. काचेच्या फ्रेममध्ये घालण्याआधी 24 तास वाळू द्या, नाहीतर आतून वाफ धरते.