जुनाट वेदनेसाठी वैद्यकीय गांजा: मात्रा कशी वाढवावी

कायद्याने परवानगी असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिले असेल, तरच हा विचार करावा. मज्जातंतूंच्या वेदनेत याचा थोडाफार उपयोग होतो. ताज्या दुखापतीत जवळजवळ नाही. वेदना पूर्ण थांबेल ही अपेक्षा नको. झोप सुधारली, चालणे वाढले, तरी पुष्कळ.

सुरुवात बहुधा सीबीडी या गांजातल्या घटकाच्या तेलाने करतात, कारण त्याने नशा चढत नाही: ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. बाटलीवर १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम लिहिले असेल, तर ५ मिलिग्रॅम म्हणजे ०.२ मिलिलिटर. थेंब मोजू नका, खुणांची सिरिंज वापरा. डॉक्टरांच्या सल्ल्याने दर दोन-तीन दिवसांनी मात्रा वाढवतात. तेवढ्याने भागले नाही, तर रात्री १ ते २.५ मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) जोडतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घाईमुळे. गिळलेल्या तेलाचा परिणाम दिसायला कधी दोन तासही लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरी मात्रा घेतली, की दोन्ही एकदम चढतात: गरगरणे, धडधड, घबराट. शिवाय स्निग्ध जेवणासोबत सीबीडी जास्त शोषले जाते, म्हणून रोज जेवणाच्या संदर्भात वेळ एकच ठेवा.

वॉरफेरिन (रक्त पातळ करणारे औषध) चालू असेल तर रक्ततपासणी वाढवावी लागते. ओपिऑइड (मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामके), झोपेच्या गोळ्या, दारू यांच्यासोबत गुंगी वाढते. गर्भवती, स्तनदा माता आणि सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास असलेल्यांनी हे टाळावे. टीएचसी घेतल्यावर गाडी चालवू नये. ओढण्याच्या फंदात तर पडूच नका. धूर फुप्फुसाला नकोच.