फोरकास्टच्या टेबलमधला आकडा खटकतोय, मग बदलायचा कसा?

पुढच्या पाण्याचा अंदाज (फोरकास्ट) काढणाऱ्या नदी-धरणाच्या मॉडेलचा रन झाला की समोर एक लांबलचक टेबल उघडतं, डावीकडे तारीख-वेळ, पुढे पाऊस, आवक, जलाशयाची पातळी, विसर्ग, आणि त्यात एखादा आकडा असा असतो की बघताक्षणी खटकतो. सेलवर डबल क्लिक, नवा आकडा, एंटर, झालं, एवढं ते सोपं आहे, आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते, कारण त्याच आकड्यावरून दरवाजे किती उघडायचे आणि खालच्या नदीकाठाला इशारा कधी द्यायचा हे कुणीतरी ठरवणार असतं. मी हे काम रोज करतो, त्यामुळे ज्या क्रमानं करतो तो क्रमच इथे लिहितोय.

आधी टेबलात एक रेघ मनातल्या मनात ओढून घ्या, ती म्हणजे फोरकास्टची वेळ. सीडब्ल्यूएमएस किंवा एचईसी-आरटीएस ही पूर-अंदाजाची सॉफ्टवेअर वापरत असाल तर रन सेट करतानाच लुकबॅक (मागे कुठून सुरू करायचं), फोरकास्ट टाइम आणि एंड टाइम अशा वेळा द्याव्या लागतात, बाकी सॉफ्टवेअरमध्ये नावं वेगळी पण गोष्ट तीच. रेघेच्या वर जे आहे ते मोजलेलं, तिथे आपण चूक दुरुस्त करतो, म्हणजे एडिट. रेघेच्या खाली मॉडेलनं काढलेलं, तिथे आपण मॉडेलचा आकडा बाजूला ठेवून आपला लावतो, म्हणजे ओव्हरराइड. एडिटला पुरावा लागतो आणि ओव्हरराइडला कुणाचा तरी निर्णय लागतो. हे दोन्ही मिसळलं की चार दिवसांनी कुठला आकडा गेजवरून (नदीवरच्या मोजमाप केंद्रावरून) आला आणि कुठला आपण टाकला हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिलं काम: कॉलमचा मथळा नीट वाचा

एकक बघा. क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आहे का क्युसेक (सेकंदाला घनफूट)? १ क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक, त्यामुळे इथे गडबड झाली तर ती छोटी नसते. मग वेळ बघा, टेबल स्थानिक वेळेत आहे का जीएमटीमध्ये, कारण डेल्फ्ट-फ्यूज हे पूर-अंदाजाचं सॉफ्टवेअर डेटा आतून जीएमटीमध्येच साठवतं आणि स्क्रीनवर मात्र वेगळी वेळ दिसू शकते. आणि तिसरं, जे बहुतेक जण सोडून देतात, आकडा त्या क्षणाचा आहे का त्या तासाच्या सरासरीचा. एचईसीच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल म्हणजे डीएसएस, त्या फाइलमध्ये क्षणाच्या आकड्याला इन्स्ट-व्हॅल आणि सरासरीला पर-अ‍ॅव्हर म्हणतात, आणि सरासरीचा आकडा तास संपतो त्या वेळेसमोर लिहिलेला असतो. म्हणजे ०६:०० समोरचा आकडा ०५:०० ते ०६:०० चा. तुम्ही सहा वाजता दरवाजा उघडला आणि नवा विसर्ग ०६:०० च्या ओळीत टाकला तर मॉडेलमध्ये पाणी एक तास आधीच सुटलं, तो आकडा ०७:०० च्या ओळीत जायला हवा होता.

मग कॉपी

मूळ सिरीजला, म्हणजे वेळेनुसारच्या त्या आकड्यांच्या रांगेला, हात लावायचाच नाही. डीएसएसमध्ये पाथनेमचे (सिरीजच्या पूर्ण नावाचे) सहा भाग असतात, त्यातला शेवटचा एफ-पार्ट व्हर्जनसाठीच आहे, तिथे वेगळं नाव देऊन कॉपी सेव्ह करा आणि बदल त्या कॉपीत करा. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, फक्त दर वेळी करा.

मोजलेले आकडे दुरुस्त करताना

समजा तासाची सरासरी आवक अशी दिसतेय: ०४:०० ला ४१०, ०५:०० ला ४३६, ०६:०० ला ०, ०७:०० ला ०, आणि ०८:०० ला ५०२ क्युमेक. नदी दोन तास कोरडी पडून परत आली असं होत नाही, डेटा आलाच नाही आणि कुठल्यातरी प्रोग्रॅमनं रिकाम्या जागी शून्य भरलं. ४३६ ते ५०२ मध्ये ६६ चा फरक, तीन पायऱ्या, म्हणजे प्रत्येकी २२, तर ०६:०० ला ४५८ आणि ०७:०० ला ४८०. शून्यं तशीच ठेवली असती तर किती पाणी हरवलं असतं बघा, ९३८ गुणिले ३६०० सेकंद, जवळपास ३.३८ दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि तेवढं पाणी मॉडेलच्या हिशोबात धरणात कधी आलंच नसतं.

ही सरळ रेघेची भर दोन-तीन तासांपुरती ठीक आहे. पूर चढत असताना आठ-दहा तासांची फट पडली तर सरळ रेघ पुराचा माथाच कापून टाकते, तिथे वरच्या गेजवर पाणी कसं चढलं-उतरलं ते बघून तोच आकार वापरा. आणि रिकामं म्हणजे शून्य नव्हे हे कायम लक्षात असू द्या, जुन्या डीएसएस डेटात रिकाम्या जागेला -९०१ लिहिलेलं असतं, रिव्हरवेअर या नदी-धरण मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये एनएएन (आकडा नाही) दिसतं, आणि -९०१ असलेला कॉलम एक्सेलमध्ये नेऊन कुणी सरासरी काढली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता आवकेबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुकीचे बदल इथेच होतात. मोठ्या धरणावर आवक बहुतेक वेळा थेट मोजलेली नसते, पातळी किती बदलली आणि विसर्ग किती होता यावरून उलटा हिशोब करून काढलेली असते. समजा जलाशय ५० चौरस किलोमीटर पसरलाय. वाऱ्यानं किंवा लाटेनं पातळीच्या वाचनात फक्त १ सेंटीमीटर फरक पडला, तर तो ०.५ दलघमी पाण्याएवढा झाला, आणि तासाच्या हिशोबात तो १३९ क्युमेक आवक बनून टेबलात येतो. पुढच्या तासाला पातळी परत खाली वाचली की आवक उणे. मग नवीन माणूस काय करतो, उणे आकडे दिसले की तेवढेच शून्य करतो, कारण नदी उलटी वाहत नाही हे त्याला माहीत असतं, आणि खोटे अधिकचे आकडे मात्र तसेच राहतात. असं दहा ठिकाणी केलं की न आलेलं पाणी मॉडेलमध्ये साठतं. उणे आणि अधिक हे जोडीनं आलेले असतात, त्यामुळे दोन्हीला एकत्रच गुळगुळीत करायचं, सहा तासांची सरासरी घेतली तर तोच १३९ चा झटका २३ वर येतो, आणि एकूण दलघमी बदलायच्या आधी आणि नंतर तेवढीच आहे ना, हे बेरीज करून बघायचं. मी ही बेरीज प्रत्येक एडिटनंतर करतो.

रेघेवरची पायरी

समजा फोरकास्टची वेळ ०८:०० आहे, तेव्हा मोजलेली आवक ५०२ आणि मॉडेल त्याच वेळेला ४३० म्हणतंय, म्हणजे रेघेवर ७२ ची उडी. अशी उडी तशीच सोडली तर मॉडेलच्या दृष्टीनं एका तासात नदी उतरली. पुढचे सगळे आकडे ७२ नं वाढवणं हाही उपाय नाही, कारण आजची चूक परवापर्यंत तशीच राहील याला आधार नाही. फरक हळूहळू विरवायचा, बारा तासांत विरवायचा ठरवलं तर दर तासाला ६ कमी, म्हणजे ०९:०० ला मॉडेल ४४८ म्हणत असेल तर ४४८ अधिक ६६, ५१४. एचईसी-एचएमएस या पावसावरून प्रवाह काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोरकास्टसाठी ब्लेंडिंगची, म्हणजे असं विरवण्याची, सोय आहेच, पण एकदा हातानं करून बघा, म्हणजे सॉफ्टवेअर काय करतंय ते कळतं. किती तासांत विरवायचं हे पाणलोटावर आहे, छोट्या, चटकन उतरणाऱ्या नदीला कमी तास, मोठ्या नदीला जास्त.

आणि जर पाऊसच चुकला असेल, म्हणजे मॉडेलला दिलेला पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी होता, तर आवकेचे आकडे खरवडत बसू नका, पाऊस दुरुस्त करा आणि परत रन करा, कारण तोच पाऊस खालच्या उपनद्यांवरही पडलेला असतो आणि तिथले आकडे आपोआप सुधारतात.

विसर्ग ओव्हरराइड करताना

इथे एकच समीकरण डोळ्यासमोर ठेवा, आवक वजा विसर्ग म्हणजे साठ्यातला बदल, बाष्पीभवन वगैरे धरून. तीनपैकी दोन तुम्ही ठरवलीत की तिसरं आपोआप ठरतं. आवकही भरली, विसर्गही भरला आणि वरून पातळीही लॉक केली तर रिव्हरवेअर एरर देऊन थांबतं, आणि ते चांगलंच आहे, कारण काही ठिकाणी सॉफ्टवेअर गुपचूप एखादा आकडा बाजूला टाकतं आणि तुम्हाला वाटतं तुमचा ओव्हरराइड लागला. म्हणून रननंतर तुम्ही मागितलेला विसर्ग आणि मॉडेलनं खरंच दिलेला विसर्ग शेजारी-शेजारी ठेवून बघा. सांडव्याच्या माथ्याखाली पातळी असताना दरवाजातून पाणी जाणार नाही, टेबलात काहीही लिहिलं तरी. रिव्हरवेअरमध्ये आकड्याशेजारचं आय हे अक्षर म्हणजे तो हातानं किंवा बाहेरून दिलेला इनपुट आहे, रूल, म्हणजे मॉडेलमधले धरण चालवायचे नियम, त्यावर लिहीत नाहीत, त्यामुळे काम झाल्यावर ते आय काढायला विसरलात तर रूल मुकाट्यानं बाजूला बसून राहतात.

माझ्या हातून हे झालंय. एका दरवाजाचं काम चालू होतं म्हणून रात्रपाळीत मी विसर्ग ३०० क्युमेकवर लॉक केला, पण किती वाजेपर्यंत ते लिहिलं नाही, पुढचे पाच दिवस अख्खा कॉलम भरून टाकला. काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं, दरवाजे उघडले, आणि मॉडेल मात्र पुढचे तीन रन पातळी चढतानाच दाखवत राहिलं, शेवटी एका सहकाऱ्यानं विचारलं की विसर्ग वाढवलाय तरी फोरकास्ट वर का चाललाय. तेव्हापासून मी ओव्हरराइड फक्त माहीत असलेल्या तासांपुरताच टाकतो, पुढचे सेल रिकामे सोडतो, म्हणजे तिथून नियम परत चालू होतात.

परत रन आणि नोंद

बदल केल्यावर दोन रन ठेवा, एक ओव्हरराइडशिवाय आणि एक ओव्हरराइडसकट, आणि फरक फक्त धरणाशी बघू नका, खालच्या प्रत्येक गेजपर्यंत बघा, माथा किती बदलला आणि किती तास पुढे-मागे सरकला. खालच्या संगमावरचा एकूण प्रवाह तुम्ही ओव्हरराइड केला असेल तर वरून येणारं पाणी मॉडेल त्यात परत तर मिळवत नाही ना हेही तपासा, तिथे फक्त मधल्या पाणलोटाची स्थानिक आवक द्यायची असते आणि एकूण दिली की तेच पाणी दोनदा मोजलं जातं.

नोंदीत पाच गोष्टी: कुठली सिरीज, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, जुना आकडा, नवा आकडा, आणि कुणाच्या सांगण्यावरून किंवा कशाच्या आधारावर. "आवक दुरुस्त केली" ही नोंद होत नाही. "तासाची आवक, ०६:०० आणि ०७:००, ० ऐवजी ४५८ व ४८०, गेजचा डेटा आला नव्हता, सरळ रेघेनं भरले" ही नोंद. डेल्फ्ट-फ्यूजमध्ये मूळ, दुरुस्त आणि भरलेला असे वेगळे फ्लॅग (आकड्याला लावायच्या खुणा) आहेत, ते वापरा. पाळी बदलताना चालू ओव्हरराइडची यादी पुढच्या माणसाला वाचून दाखवा, आणि गेजचा खरा डेटा उशिरा का होईना आला तर आपले ४५८ आणि ४८० काढून तोच बसवा.