ग्रीनकार्डचा अर्ज अडकलाय आणि नागपूरहून फोन आला तर

अमेरिकेत आय-४८५ (ग्रीनकार्डचा अर्ज) प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हाती न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं मानतात. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना सूट आहे, पण परतताना त्याच दर्जाचा वैध व्हिसा पासपोर्टवर लागतो. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल तर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, आणि तिथल्या तारखा आपल्या घाईला जुमानत नाहीत.

पॅरोल नसेल तर तिकिटाआधी यूएससीआयएसच्या (हे अर्ज हाताळणारं अमेरिकी सरकारी खातं) संपर्क केंद्राला फोन करून स्थानिक कार्यालयाची तातडीची भेट मागा. सोबत भरलेला आय-१३१ (पॅरोलचा अर्ज), शुल्क, आय-४८५ ची पावती, दोन इंच बाय दोन इंचाचे दोन फोटो आणि घरच्या तातडीचा पुरावा.

खरं अडतं ते पुराव्यावर. ‘आई सिरियस आहे’ एवढ्यानं भागत नाही. नागपूरची मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की खासगी दवाखाना, लेटरहेडवर रुग्णाचं नाव, आजार, भरतीची तारीख, सध्याची अवस्था, डॉक्टरांची सही, शिक्का आणि फोन नंबर हवा. भावाला स्कॅन करून पाठवायला सांगा. व्हॉट्सॲपवरचा तिरपा फोटो वाचता येत नाही. नात्याच्या पुराव्यासाठी, आईवडिलांची नावं असतील तर, तुमच्या पासपोर्टचं शेवटचं पान जोडा. कागद मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र जोडा.

मंजुरीचा मूळ कागद मिळेपर्यंत विमानात बसू नका. तो असला तरी प्रवेशाचा निर्णय विमानतळावरचा अधिकारीच घेतो.