विनफॉर्म्समध्ये सगळ्या स्क्रीनसाठी एकच लेआउट कसा बनवायचा

विनफॉर्म्स म्हणजे विंडोजचे डेस्कटॉप प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची डॉटनेट चौकट. आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तीसेक फॉर्म (म्हणजे स्क्रीन) होते, प्रत्येकावर वरची निळी पट्टी आणि खालची सेव्ह-बंद बटणं कॉपी-पेस्ट केलेली. क्लायंट म्हणाला सेव्ह उजवीकडे घ्या, मग काय, एकेक फॉर्म उघडून बटण सरकवत बसलो, तरी दोन फॉर्म सुटलेच. तेव्हापासून नवीन प्रोजेक्ट घेतला की पहिला अर्धा दिवस मी बेस फॉर्मला (ज्यावरून बाकीचे सगळे फॉर्म बनतात तो मूळ फॉर्म) देतो, तुम्हीही द्या.

आधी नेहमीसारखा फॉर्म ॲड करा, नाव बेसफॉर्म ठेवा. कंट्रोल (बटण, लेबल, टेक्स्टबॉक्स वगैरे) टाकायच्या आधीच फॉन्ट ठरवा, कारण ऑटोस्केलमोड (साइज कशाच्या हिशोबाने लहान-मोठे करायचे ती सेटिंग) फॉन्टवर असतो आणि नंतर फॉन्ट बदलला की सगळे साइज हलतात. मराठी लेबलं असतील तर निर्मला यूआय घ्या आणि लेबलचं ऑटोसाइज ट्रू ठेवा, नाहीतर 'मूल्य'चा खालचा ऊकार कापला जातो आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्या दिवशीच दिसतं.

मग तीन पॅनल (कंट्रोल ठेवायचे चौकोन), आणि डॉक म्हणजे कुठल्या कडेला चिकटवायचं ते, वरच्याला डॉक टॉप, खालच्याला बॉटम, मधल्याला फिल. इथे खूप जणांचं अडतं, मधलं पॅनल वरच्या पट्टीखाली घुसतं आणि पहिला टेक्स्टबॉक्स अर्धा झाकला जातो. डॉकिंगचा हिशोब सगळ्यात मागच्या कंट्रोलपासून सुरू होतो, फिलवाल्याला उरलेली जागा हवी म्हणजे त्याचा नंबर शेवटी लागला पाहिजे, म्हणून मधल्या पॅनलवर राइट क्लिक करून ब्रिंग टू फ्रंट करा, लगेच जागेवर बसतं.

आता मॉडिफायर्स प्रॉपर्टी, म्हणजे कंट्रोलला कोण हात लावू शकतं ते. सी शार्पमध्ये ती प्रायव्हेट असते, तशी असली की चाइल्ड फॉर्मवर (बेसवरून बनवलेल्या फॉर्मवर) त्या कंट्रोलला छोटं कुलूप दिसतं आणि तो हलवता येत नाही. फक्त मधलं पॅनल प्रोटेक्टेड (चाइल्डला वापरता येईल असं) करा, बाकी सगळं कुलपातच राहू द्या. मी सुरुवातीला सोयीचं म्हणून बटणंही प्रोटेक्टेड केली होती, मग कोणीतरी चाइल्ड फॉर्मवर बटण जरासं सरकवलं, ती जागा त्या फॉर्मच्या डिझायनर फाइलमध्ये (व्हिज्युअल स्टुडिओ आपोआप लिहितो ती कोडची फाइल) लिहिली गेली आणि बेसमध्ये कितीही बदल केले तरी ते बटण तिथेच. चाइल्डचा कोड बेसच्या नंतर चालतो ना, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचाच. असं झालंच तर डिझायनर फाइलमधून ती लोकेशनची ओळ काढून टाका.

बिल्ड करा, मग नवीन फॉर्म घेऊन कोडमध्ये कोलनपुढचं फॉर्म खोडून बेसफॉर्म लिहा, झालं. बेसमध्ये काही बदललं की परत बिल्ड, तोवर चाइल्डच्या डिझायनरला पत्ता लागत नाही.

सेव्हच्या कामासाठी बेसमध्ये प्रोटेक्टेड व्हर्च्युअल मेथड (चाइल्डला बदलता येईल असं फंक्शन) ठेवा, बटणाच्या क्लिकमधून ती बोलवा आणि प्रत्येक फॉर्म ती ओव्हरराइड करेल, म्हणजे तिच्या जागी स्वतःचा कोड देईल. क्लासच ॲबस्ट्रॅक्ट (ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही असा) करायचा मोह होतो पण करू नका, चाइल्ड फॉर्म दाखवायला डिझायनर बेसचा खराखुरा ऑब्जेक्ट बनवतो, ॲबस्ट्रॅक्टचा बनतच नाही आणि फॉर्मच्या जागी एरर येते. ह्याच कारणाने बेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) डेटाबेसला हात लावू नका, नाहीतर सर्व्हर बंद असला की स्क्रीन डिझाइनसुद्धा करता येणार नाही. तो कोड ऑनलोडमध्ये (फॉर्म लोड होताना चालणारी मेथड) न्या आणि आधी डिझाइनमोड (फॉर्म डिझायनरमध्ये उघडलाय का ते सांगणारी प्रॉपर्टी) तपासा, कन्स्ट्रक्टरमध्ये डिझाइनमोड कायम फॉल्सच येतो म्हणून तिथे तपासून उपयोग नाही.

आणि बेसवर मधल्या भागासाठी टेबललेआउटपॅनल (ओळी-रकान्यांत कंट्रोल मांडणारं पॅनल) टाकू नका, तो प्रोटेक्टेड केला तरी चाइल्डच्या डिझायनरमध्ये लॉकच राहतो. बेसवर साधं पॅनल ठेवा आणि टेबल हवाच असेल तर त्या त्या चाइल्ड फॉर्मवर त्या पॅनलच्या आत टाका, डॉक फिल करून.