सरकारी कॉलेजात एमडीएस करायचंय? सीमाभागातल्या मुलांनो, या चुका टाळा

नीट एमडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत मागच्या वर्षीचे कटऑफ फिरायला लागतात. "एवढ्या रँकला गव्हर्नमेंट मिळंल काय हो सर?" हा प्रश्न तर ठरलेला. पण रँकच्या आधी बघायची गोष्ट वेगळीच असते. कोणत्या कोट्यात, कोणत्या राज्याच्या नियमाने तुम्ही उभे आहात, ते आधी कळायला हवं. एक पाय कर्नाटकात आणि एक महाराष्ट्रात ठेवून मोठ्या झालेल्या आपल्या मुलांचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

सरकारी जागा म्हणजे सरकारी कॉलेज नव्हे

केईएच्या (कर्नाटकच्या प्रवेश प्राधिकरणाच्या) यादीत 'गव्हर्नमेंट सीट' दिसली की घरात पेढे वाटले जातात. पण कर्नाटकात खासगी कॉलेजांतल्या काही जागाही सरकारी कोट्यातून भरल्या जातात. तिथे फी कमी लागते हे खरं, पण कॉलेज खासगीच. ओपीडी, स्टायपेंड, हॉस्टेल, सगळं त्या संस्थेच्या हिशेबाने चालतं. वाईट असतंच असं नाही, पण आपण काय घेतोय ते माहीत असावं.

राज्य सरकारची दंत महाविद्यालयं बेंगळुरू आणि बळ्ळारीला आहेत. बेळगावातली केएलई आणि मराठा मंडळ ही नावं घरोघरी ठाऊक आहेत, पण दोन्ही खासगी संस्था. त्यातही केएलई अभिमत विद्यापीठ असल्याने तिथला रस्ता एमसीसीतून, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीतून जातो. बिम्स हे बेळगावचं मेडिकल कॉलेज सरकारी आहे खरं, पण तिथे एमडीएस शोधायला जाऊ नका.

बळ्ळारी नकाशावर जवळ, यादीत लांब

हुबळी, गदग, होसपेटमार्गे बळ्ळारी बेंगळुरूपेक्षा जवळ पडते, म्हणून पुष्कळ जण ती डोळे झाकून वर टाकतात. पण बळ्ळारी कल्याण कर्नाटकात (पूर्वीच्या हैदराबाद कर्नाटकात) येते. तिथल्या संस्थांत कलम ३७१ (जे) खाली ७० टक्के जागा त्या भागातल्या स्थानिकांसाठी असतात आणि बेळगाव जिल्हा त्या भागात मोडत नाही. तेव्हा राज्य कोट्यातून आपल्या वाट्याला येणारा तुकडा छोटा असतो. मागच्या वर्षी कुणाला तरी बऱ्याच मागच्या रँकवर तिथे जागा मिळाली असेल, तर ती स्थानिक कोट्यातली होती का, ते आधी बघा. अखिल भारतीय कोट्यात हा प्रश्न येत नाही. सरकारी कॉलेजांतल्या ५० टक्के जागा एमसीसीकडे असतात आणि तिथे कल्याण कर्नाटकाचा दाखला कुणी विचारत नाही.

महाराष्ट्र आपला, म्हणून जागाही आपली?

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्राने पदवीच्या प्रवेशात सवलत ठेवली आहे. मोठ्या भावाला त्यातून बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) मिळालं, म्हणजे धाकटीला त्यातूनच एमडीएस मिळेल, असं घरात धरून चालतात. असं गृहीत धरू नका. पदव्युत्तरचे नियम वेगळे असतात. तिथे बीडीएस कुठून झालं, हा प्रश्न गावच्या दाखल्यापेक्षा जड ठरतो.

त्यात २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थेच्या पसंतीला, म्हणजे आपल्याच कॉलेजात शिकलेल्यांना झुकतं माप देण्याला, मात्र मर्यादित मुभा ठेवली. निकाल वैद्यकीय पदव्युत्तरचा, पण नियमांची भाषा त्यानंतर बदलू शकते. म्हणून काकांच्या वेळचं, दादाच्या वेळचं बाजूला ठेवा आणि महाराष्ट्राचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेतलं पात्रतेचं कलम स्वतः वाचा. तिथे दार बंद असलं तरी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं हातची गेली असं नाही. एमसीसीच्या कोट्यातून ती सगळ्यांना खुली आहेत. चोर्ला घाट उतरून गेलं की गोव्याचं बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय येतं. आपल्याकडची मुलं ते नेमकं विसरतात. आणि एम्स किंवा चंदीगडची पीजीआय मनात असेल तर नीट एमडीएसची रँक तिथे चालत नाही. त्यासाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा द्यावी लागते.

दाखल्यांचा घोळ

इथे सर्वांत जास्त मुलं अडकतात. कर्नाटकात मराठा समाज राज्याच्या मागासवर्गीय यादीतल्या ३ ब गटात येतो. तो दाखला केईएला चालतो, पण एमसीसीत ३ ब नावाचा रकाना नाही. तिथे केंद्राची ओबीसी यादी लागते आणि राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. केंद्राच्या यादीत जात नसेल आणि उत्पन्न, मालमत्ता निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) विचार करा. फॉर्ममध्ये घाईत ओबीसीवर टिक मारून पुढे पडताळणीत नापास होण्यापेक्षा तालुक्याला दोन हेलपाटे परवडले.

नाडकचेरीतून (कर्नाटकच्या महसूल कार्यालयातून) मिळणारा दाखला बहुधा कन्नडमध्ये असतो. केईएला त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) पुरतो, एमसीसीला पुरत नाही. तिथे इंग्रजी किंवा हिंदीतला दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, नाहीतर प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. हे काम निकालानंतर काढलं तर तहसीलदारांची सही आणि कॉलेजात हजर होण्याची (रिपोर्टिंगची) शेवटची तारीख यांची शर्यत लागते. इंटर्नशिप चालू असतानाच उरकून टाका.

नावाचंही बघा. दहावीच्या मार्क्स कार्डवर 'पाटील स्नेहा सुरेश', आधारवर 'स्नेहा सुरेश पाटील', डेंटल कौन्सिलच्या नोंदणीत नुसतं 'स्नेहा एस.', असं आपल्याकडे सर्रास असतं. नीटचा फॉर्म दहावीप्रमाणे भरा आणि बाकी ठिकाणच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

पसंतीक्रम भरताना

'मिळेल ते वर टाकतो' ही जुनी चूक. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि रँकला मिळू शकणारी पहिली जागा देतो. अवघड कॉलेज पहिल्या नंबरवर टाकल्याने खालच्या जागेचं काही बिघडत नाही. उलट सोपं वर टाकलंत तर चांगलं मिळत असूनही हातचं जातं.

दुसरी चूक उलट टोकाची, म्हणजे जिथे जायचंच नाही ते कॉलेज 'असू दे' म्हणून टाकणं. पहिल्या फेरीत सोडून देता येतं. दुसरीपासून अनामत रक्कम अडकते आणि शेवटच्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास पुढच्या परीक्षेवर बंदी येऊ शकते. अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत २ लाखांची असते, म्हणून कुतूहल म्हणून तो पर्याय टिक करू नका.

कॉलेज बघताना काय विचारायचं

कॉलेज मोठं की शाखा मोठी, यावर घरात भांडणं होतात. माझं मत सरळ आहे. तीन वर्षं जे काम हाताने करायचं त्याचा कंटाळा येत असेल तर मुंबईचं नाव कामाला येत नाही. पण शाखा ठरली की मग नाव सोडून विभाग बघा.

ओरल सर्जरी असेल तर कॉलेजला लागून मोठं रुग्णालय आहे का, अपघाताचे जबड्याचे रुग्ण येतात का आणि ऑपरेशन थिएटरचे दिवस किती, हे विचारा. ऑर्थो (वेडेवाकडे दात सरळ करणं) आणि प्रोस्थोला (कृत्रिम दात बसवणं) वेगळे प्रश्न. ब्रॅकेट, वायर, इम्प्रेशनचं साहित्य कॉलेज देतं की पीजीने, म्हणजे एमडीएसच्या विद्यार्थ्याने, विकत आणायचं? कवळीचं आणि क्राऊनचं लॅबचं बिल कोण भरतं? टेक्निशियन आहे, की रात्री बारापर्यंत बसून तुम्हीच क्राऊनचं धातूचं ओतकाम (कास्टिंग) करायचं? सरकारी कॉलेजात रुग्ण भरपूर येतात, साहित्याची खरेदी मात्र वर्षभर रखडू शकते. आपल्या खिशातून होणारा हा खर्च फीच्या रकान्यात कुठे दिसत नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी बेसिक सायन्सची पार्ट वन परीक्षा असते. तिच्या अभ्यासाला ओपीडीतून वेळ सोडतात का, तेही विचारा. प्रबंधाला गाईड किती आहेत, कुणाची निवृत्ती किंवा बदली तोंडावर आहे, हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका, प्रबंध अर्ध्यात असताना गाईड बदलला की सहा महिने सहज जातात.

भाषेचंही बघा. बेंगळुरूला कन्नड बोलता आलं की ओपीडी सुरळीत चालते. बळ्ळारीला तेलुगू कानावर पडणारच. मुंबईला आपली मराठी कामाला येते, फक्त आपल्याकडचं 'काय की' ऐकून रुग्ण दोन दिवस हसतील.

बाँडचा (प्रवेशाच्या हमीपत्राचा) कागद सही करण्याआधी घरी आणून वाचा. जागा मधेच सोडली तर दंड किती आणि मूळ कागदपत्रं कॉलेजकडे किती दिवस अडकतात, हे राज्याराज्यांत वेगळं असतं. ही माहिती द्यायला पहिल्या वर्षाचा पीजी कामाचा नाही, तो अजून नवखा असतो. दुसऱ्या वर्षाच्या दोघांना, एका मुलाला आणि एका मुलीला, ओपीडी सुटल्यावर फोन करा. दोघांचं उत्तर जुळलं नाही तर तिसऱ्या वर्षाच्या कुणाला तरी गाठा.