एक सर्व्हर, अनेक डोमेन: आलेला मेल योग्य पेटीत कसा पोहोचतो

मेल सर्व्हरचं काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी ‘पोस्टफिक्स बसवता येतं का’ असं विचारत नाही. पोस्टफिक्स म्हणजे मेल घेणारं आणि पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर; ते बसवणं एका कमांडचं काम आहे. मी त्यांना एक पत्ता देते: अलीकडे ‘सेल्स’, पलीकडे आपल्या एखाद्या गिऱ्हाइकाचं डोमेन. मग विचारते, या पत्त्यावर बाहेरून मेल आला तर तो घ्यायचा की परत पाठवायचा, हे आपला सर्व्हर कुठल्या क्षणी ठरवतो आणि कशावरून? ज्याला याचं उत्तर कागदावर मांडता येतं, त्याला बाकीचं काम चार महिन्यांत येतं. ज्याला नाही येत, तो वर्षभर इकडच्या तिकडच्या सेटिंग्ज चिकटवत बसतो.

सोलापुरात हे काम कुठून येतं ते आधी सांगते. आमची बहुतेक गिऱ्हाइकं लहान आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने, सुताचे व्यापारी, चिंचोळीतली काही युनिटं, नवी पेठेतली दुकानं, दवाखाने. टॉवेलची ऑर्डर परदेशातून येते ती मेलवर, आणि समोरच्या पार्टीला कंपनीच्या नावाचा पत्ता दिसला की विश्वास बसतो, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं डोमेन हवं असतं. त्यावर पेट्या मात्र चार-सहाच. तेवढ्यासाठी प्रत्येकाला वेगळा सर्व्हर परवडत नाही. मग एकाच सर्व्हरवर सगळ्यांची डोमेन ठेवायची. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं असावीत, तसं. व्हर्च्युअल डोमेन म्हणतात ते हेच.

आता अडचण बघा. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत मशीनवर ज्याचं खातं, त्याची पेटी. पोस्टफिक्समध्ये ही पद्धत आजही आहे, तिला लोकल डिलिव्हरी म्हणतात, आणि ती ज्या डोमेनना लागू होते त्यांची यादी ‘माय डेस्टिनेशन’ या सेटिंगमध्ये असते. या यादीतल्या सगळ्या डोमेनसाठी नावांचा साठा एकच असतो. म्हणजे टॉवेलच्या कारखान्याचा ‘सेल्स’ आणि सुताच्या व्यापाऱ्याचा ‘सेल्स’ दोघंही मशीनवरच्या सेल्स नावाच्या एकाच खात्यात जाऊन पडतात. एकाचे दर दुसऱ्याला दिसले, तर आपला धंदा त्या दिवशी संपला.

म्हणून दुसरी पद्धत: ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’. इथे पेटीची ओळख म्हणजे डोमेनसकट पूर्ण पत्ता. मशीनवर त्या माणसाचं खातं लागत नाही, त्याला सर्व्हरवर लॉगिन नसतं, आणि हे सुरक्षिततेच्या दृष्टीनं फार चांगलं आहे. ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स मॅप्स’ नावाच्या टेबलमध्ये डावीकडे पूर्ण पत्ता आणि उजवीकडे पेटीची जागा लिहायची. सगळ्या पेट्यांचा मालक म्हणून मशीनवर एकच खातं करायचं. बहुतेक जण त्याला ‘व्हीमेल’ म्हणतात आणि ५००० हा क्रमांक देतात. (सेटिंगची ही नावं फाइलमध्ये शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहायची असतात.)

नवख्यांनी पहिल्या दिवसापासून हाडात भिनवावं असं एक सूत्र आहे: एक डोमेन, एकच वर्ग. ते लोकल असेल, व्हर्च्युअल मेलबॉक्स असेल, व्हर्च्युअल अलायस असेल (म्हणजे पत्त्याला स्वतःची पेटी नाही, मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवायचा) किंवा मेल दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे पाठवायचं रिले डोमेन असेल. एकाच वेळी दोन्हीकडे नाही. जुना सर्व्हर ताब्यात घेतला की मी आधी पासवर्डसुद्धा बघत नाही, या चार याद्या शेजारी शेजारी छापते. कितीतरी वेळा तेच डोमेन ‘माय डेस्टिनेशन’मध्येही असतं आणि व्हर्च्युअलच्या यादीतही. अशा वेळी पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा लिहितं की हे डोमेन दोन्हीकडे ठेवू नका, पण तो इशारा वाचतो कोण! आणि वागताना मात्र ते डोमेन लोकल धरतं. मग टेबलमध्ये पत्ता अगदी बरोबर लिहिलेला असूनही पाठवणाऱ्याला ५५० हा नकाराचा कोड येतो. त्या नकाराचं वाक्य नीट वाचलं तर उत्तर त्यातच असतं. ‘लोकल रेसिपियंट टेबल’मध्ये माणूस सापडला नाही असं म्हटलं असेल, तर डोमेन चुकीच्या वर्गात आहे. ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल’मध्ये सापडला नाही असं असेल, तर वर्ग बरोबर आहे, पत्त्याची नोंद नाही. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ असेल, तर हे डोमेन आपलं आहे हेच सर्व्हरला माहीत नाही. तीन वाक्यं, तीन वेगवेगळे आजार. ती पाठ करा.

हा निर्णय होतो कधी, तर समोरच्या सर्व्हरनं २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करून ‘आरसीपीटी टू’ म्हणजे कुणाला द्यायचंय ते सांगितलं, त्या क्षणी. अजून मेलचा मजकूर आलेलाही नसतो. नसलेल्या पत्त्याला इथेच नाही म्हणणं महत्त्वाचं आहे. कारण मेल पूर्ण घेऊन आपण २५० (म्हणजे ‘स्वीकारला’) म्हटलं की जबाबदारी आपली झाली. एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीचे, नियम तसं स्पष्ट सांगतात. नंतर पेटी सापडली नाही म्हणून परतीचा मेल पाठवला, तर स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असल्यामुळे तो परतीचा मेल भलत्याच निरपराध माणसाकडे जातो. असं सारखं झालं की आपल्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो, आणि मग बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे मेल अडकतात.

इथेच एका मागणीबद्दल बोलायला हवं, कारण ती सोलापुरात प्रत्येक दुसरा मालक करतो. “मॅडम, आमच्या नावापुढं कुणी काय पण लिहू द्या, मेल माझ्याकडंच यायला पाहिजे.” त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. गिऱ्हाईक स्पेलिंग चुकवतं आणि ऑर्डर हातची जाऊ शकते. याला कॅच-ऑल म्हणतात. पण ते ‘व्हर्च्युअल अलायस मॅप्स’मध्ये लिहिलं की काय होतं ते लक्षात घ्या. अलायस आधी उलगडले जातात, पेट्यांचं टेबल नंतर येतं. त्यामुळे डोमेनच्या नावानं लिहिलेली ती एक ओळ खऱ्या पेट्यांचेही मेल गिळते. अकाउंट्सचा मेल, परचेसचा मेल, सगळं मालकांकडे. बाकीच्यांना वाटतं आज कुणी काही पाठवलंच नाही. उपाय असा, की प्रत्येक खऱ्या पेटीची ओळ अलायसच्या टेबलमध्येही लिहायची: डावीकडे तोच पत्ता, उजवीकडेही तोच. नेमकी ओळ सापडली की ती कॅच-ऑलच्या आधी लागू होते. दुसरा मार्ग म्हणजे कॅच-ऑल अलायसमध्ये न ठेवता पेट्यांच्याच टेबलमध्ये ठेवायचं.

माझं मत विचाराल तर कॅच-ऑल देऊच नये. स्पॅमवाले अंदाजानं शेकडो नावं लावून बघतात आणि कॅच-ऑल त्या सगळ्यांना हो म्हणतं. त्याऐवजी मालकांबरोबर बसावं, लोक कुठली स्पेलिंग चुकवतात ती विचारावीत, आणि तेवढेच पाच-सात अलायस करून द्यावेत. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ताही असाच काही महिने सहकाऱ्याकडे वळवावा. मालकांना हे नीट समजावलं की पटतं.

आता शेवटचा टप्पा: रांगेतला मेल प्रत्यक्ष पेटीत टाकणं. पोस्टफिक्सकडे त्यासाठी स्वतःचा ‘व्हर्च्युअल’ नावाचा एजंट आहे. त्याच्या टेबलमध्ये पेटीच्या जागेच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर पेटी मेलडिर पद्धतीची होते, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. रेघ नसेल तर सगळे मेल एकाच फाइलीत एकाखाली एक. शिकताना हे एकदा दोन्ही प्रकारे करून बघा. प्रत्यक्ष कामात मात्र आम्ही डिलिव्हरी डव्हकॉट या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे एलएमटीपीनं (पेटीत टाकायला मेल सोपवण्याची पद्धत) सोपवतो. पेट्या वाचायला देणारं डव्हकॉटच असतं, तर त्यात मेल टाकणारंही तेच असलेलं बरं: कोटा (पेटीच्या जागेची मर्यादा) तिथेच मोजला जातो, चाळणीचे सीव्ह नियम तिथेच लागू होतात. शिवाय एक मेल पाच जणांना असेल तर एलएमटीपी प्रत्येकाचं वेगळं उत्तर देतं, त्यामुळे एकाची पेटी भरली म्हणून बाकी चौघांचा मेल अडत नाही.

या जोडणीत अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं, सॉकेट, म्हणजे ज्या फाइलीतून दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती. पोस्टफिक्स त्याच्या स्पूल (जिथे रांग ठेवली जाते त्या) फोल्डरमधल्या ‘प्रायव्हेट’ या जागी सॉकेट शोधतं आणि डव्हकॉटनं ते दुसरीकडेच उघडलेलं असतं, किंवा त्याची मालकी पोस्टफिक्सकडे नसते. अशा वेळी मेल हरवत नाही, रांगेत ‘डिफर्ड’ म्हणून थांबतो. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस प्रयत्न करत राहतं. तेव्हा घाबरून रांग पुसू नका. सॉकेट दुरुस्त करा, रांगेला पुन्हा ढकला, सगळे मेल पोहोचतात. दुसरं, वापरकर्त्याच्या नावाची मांडणी. डव्हकॉटमध्ये नाव कुठल्या रूपात शोधायचं याची एक सेटिंग असते. मशीनवरच्या खात्यांसाठी लिहिलेल्या सूचनांमधून ती उचलली, तर डोमेनचा भाग छाटला जातो आणि नुसता ‘सेल्स’ उरतो. मग असा कुणी नाही म्हणून डव्हकॉट नकार देतं. व्हर्च्युअल डोमेनच्या जगात डोमेन कुठेही गळता कामा नये. आणखी एक: डव्हकॉट २.४ मध्ये सेटिंग्जची मांडणी बरीच बदलली आहे. जुन्या आवृत्तीच्या फाइली तिथे जशाच्या तशा चालत नाहीत. कुठलीही सूचना वापरण्याआधी आपली आवृत्ती कुठली ते बघा.

फोन येतो तो असा: “पार्टी म्हणते मेल टाकलाय, माझ्याकडं तर काहीच नाही ओ.” इथे अंदाज सांगू नका. “मालक, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि साधारण वेळ सांगा,” एवढंच म्हणा आणि लॉग उघडा. तो पत्ता सापडला की शेजारी मेलचा रांगेतला क्रमांक असतो. त्या क्रमांकानं पुन्हा शोधलं की त्या मेलची सगळी वाटचाल ओळीनं दिसते. शेवटच्या ओळीत ‘सेंट’ आणि डव्हकॉटकडून ‘सेव्ह्ड’ असं असेल, तर मेल आपल्या डिस्कवर पोहोचला आहे. तरीही मालकांना दिसत नसेल तर मी विचारते, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून मेल उघडता का? कितीदा तरी तिथे पीओपी३ लावलेलं असतं. ते मेल उतरवून घेतं आणि सर्व्हरवरून पुसतं, त्यामुळे फोनवर काहीच उरत नाही. सर्व्हरवर तासन्‌तास शोधून हे सापडत नाही, विचारूनच कळतं.

जाणारे मेल हा वेगळा विषय आहे. एसपीएफ (डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्या फसल्या तर काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि उलट डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी), एवढं त्यासाठी स्वतंत्रपणे शिका. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनं जीमेलकडे येणाऱ्या मेलसाठी याबाबतचे नियम कडक केले आहेत. येणाऱ्या मेलशी याचा संबंध एका ठिकाणी येतो: मालकांना आपला मेल जीमेलवर वळवून हवा असतो. वळवलेला मेल आपल्या सर्व्हरवरून जातो, पण मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये आपलं नाव नसतं, त्यामुळे तो अडू शकतो. त्यापेक्षा त्यांच्या फोनवर आयमॅपनं (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणारी पद्धत) पेटी जोडून द्या.

सराव घरी करता येतो. लॅपटॉपवर १ जीबी मेमरीचं व्हर्च्युअल मशीन पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला पुरतं. फक्त क्लॅमएव्हीसारखं व्हायरस तपासणारं काही त्यात घालू नका, एवढ्या मेमरीत ते मावत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर २५ क्रमांकाचं पोर्ट बरेचदा बंद असतं, त्याचीही चिंता नको. ‘डॉट टेस्ट’ हा शेवट चाचणीसाठीच राखून ठेवलेला आहे, त्यात दोन डोमेन करा. दोन्हीकडे ‘सेल्स’ आणि ‘अकाउंट्स’ पेट्या करा. टेबल बदललं की पोस्टमॅप (टेबल पोस्टफिक्सला वाचता येईल अशा रूपात बदलणारी कमांड) चालवा आणि त्यालाच क्यू पर्याय देऊन एकेक पत्ता विचारून बघा, की सर्व्हरला नेमकं काय दिसतंय. मग मुद्दाम एक डोमेन दोन्ही याद्यांत घाला, सॉकेटचं नाव बदला, कॅच-ऑल लावा, आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये काय येतं ते वहीत उतरवून घ्या. वाचायला पोस्टफिक्सच्या स्वतःच्या कागदपत्रांमधलं ‘व्हर्च्युअल रीडमी’ घ्या. इंग्रजी सोपं आहे, आणि त्याहून नेमकं लिहिलेलं मला तरी सापडलेलं नाही.

नोकरीचं म्हणाल तर सोलापुरात नुसतं मेल सर्व्हरचं काम असलेली जागा जवळपास मिळत नाही. डीएनएस, लिनक्स, बॅकअप, ऑफिसचं नेटवर्क यांच्या जोडीनं हे काम येतं. काही गिऱ्हाइकं गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर गेली आहेत, पण तिथेही एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी), अलायस आणि नाकारलेल्या मेलचं कारण वाचणारा माणूस लागतोच. एका सर्व्हरवरच्या पेट्या दुसरीकडे मेल न गमावता हलवून देणं, हे काम सध्या बरंच येतं. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्याला मी लॉगच्या वीस-पंचवीस ओळी छापून देते आणि हा मेल कुठे गेला ते विचारते. तुम्ही वहीत उतरवलेलं पान सोबत आणलंत तर ते आधी बघेन.