नव्या स्पोर्ट्स कारचे मायलेज कसे राखावे

स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने मायलेजची चौकशी करू नये, असा एक समज आपल्याकडे आहे आणि तो मला मुळीच पटत नाही. अशी गाडी कमी इंधनात चालवण्यासाठी ती रडतखडत चालवावी लागत नाही. चालवण्याचा आनंद आणि इंधनाची बचत या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकाच सवयीतून येतात, आणि ती सवय म्हणजे एकदा मिळवलेला वेग विनाकारण न गमावणे.

उदाहरणासाठी माझदा या जपानी कंपनीची एमएक्स-५ मियाटा ही छत उघडणारी, दोन आसनांची गाडी घेऊ. माझदा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे ही गाडी प्रामुख्याने परदेशस्थ मराठी वाचकांच्या हाती येईल. पण ती हलकी असल्यामुळे चालकाच्या सवयींचा परिणाम तिच्यात चटकन दिसतो. अमेरिकेत २०१९च्या मॉडेलपासून तिच्यात २ लिटरचे, १८१ अश्वशक्तीचे इंजिन आहे. त्या वर्षीच्या मॅन्युअल गाडीला तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, शहरात गॅलनला २६ मैल, महामार्गावर ३४ आणि एकत्रित २९ मैल असे आकडे दिले आहेत. आपल्या हिशेबात ते लिटरला अनुक्रमे सुमारे ११, साडेचौदा आणि १२.३ किलोमीटर होतात.

गाडी नवी असताना पहिल्या काही टाक्यांवरून निष्कर्ष काढू नये. पहिले १,००० किलोमीटर इंजिन जोरात फिरवू नये, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये आणि एकाच वेगात फार वेळ चालवू नये, असे कंपनीची पुस्तिका सांगते. इंजिन पूर्ण रुळून खरे मायलेज दिसू लागायला तीन ते पाच हजार मैल लागू शकतात.

आता मुख्य मुद्दा. चालकासह साधारण ११५० किलो वजनाची ही गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असते, तेव्हा तिच्यात सुमारे ४४० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, म्हणजे ३२,००० किलोज्यूल, ऊर्जा असली, तरी चाकांपर्यंत तिचा चौथा हिस्सा पोहोचला असे धरले, तर त्या वेगापर्यंत गाडी नेण्यात सुमारे ५५ मिलिलिटर पेट्रोल खर्च होते. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सगळे ब्रेकच्या चकत्यांच्या उष्णतेत जाते. ईपीएच्या एकत्रित आकड्याप्रमाणे तेवढ्या पेट्रोलमध्ये गाडी सहाशे-सातशे मीटर गेली असती. वेग निम्मा असेल तर हा तोटा चौथाईवर येतो. म्हणूनच अ‍ॅक्सिलरेटर किती जोरात दाबला यापेक्षा त्यानंतर ब्रेक किती लवकर दाबावा लागला, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो.

हे प्रत्यक्षात असे करावे. चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० किलोमीटर वेगाने जात असताना तीनशे मीटरवर लाल दिवा दिसला, तर त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा, मात्र गाडी गिअरमध्येच ठेवावी. चाके इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर इंधन सोडणे बंद करतात आणि डॅशबोर्डवरचा त्या क्षणाच्या मायलेजचा आकडा एकदम वर जाऊन टेकतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते. आता गाडी शांतपणे मंदावू द्यावी, इंजिन फारच मंद होण्याआधी खालचा गिअर घ्यावा, आणि दिव्यापाशी पोहोचेपर्यंत तो हिरवा झाला तर तिसऱ्या गिअरमध्ये तसेच पुढे निघावे. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा थोडे अधिक अंतर ठेवल्याशिवाय हे साधत नाही, आणि त्या अंतराची सवय लागली की गर्दीतही ब्रेकचे दिवे कमी वेळा लागतात.

वळणावळणाच्या रस्त्यावर हाच नियम अधिक सुखाचा ठरतो. वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक आणि बाहेर पडताना पुन्हा पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, अशा पद्धतीत इंधन दोनदा वाया जाते. त्याऐवजी दोन वळणांमधला वेग आवरता ठेवावा, योग्य गिअर आधीच घ्यावा आणि दिसणाऱ्या रस्त्याच्या व कायद्याच्या मर्यादेत तोच वेग वळणातून न्यावा. ही गाडी नेमकी यासाठीच हलकी बनवलेली आहे.

वेग वाढवताना फार भित्रेपणाने वाढवण्याची गरज नाही. अ‍ॅक्सिलरेटर निम्म्याहून थोडा अधिक दाबून वरचा गिअर लवकर घेणे, हे मंद गतीने पण उंच आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) चढण्यापेक्षा किफायतशीर असते. टाळायचा तो पूर्ण दाब, कारण त्या वेळी इंजिन नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल असलेले मिश्रण घेते. सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला या गाडीचे इंजिन सुमारे २,५०० आरपीएमवर फिरते, तर चौथ्यात तेच ३,९००च्या आसपास जाते. आवाज आवडतो म्हणून महामार्गावर खालच्या गिअरमध्ये चालवणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. आक्रमक चालवण्यामुळे महामार्गावर मायलेज १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के घटू शकते, असे अमेरिकी सरकारचे इंधनविषयक मार्गदर्शन सांगते.

महामार्गावर शत्रू एकच, तो म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०० ऐवजी १२० ने गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो; छत उघडे असेल तर त्यात आणखी भर पडते. ईपीएच्या मूळ महामार्ग चाचणीचा सरासरी वेग ताशी सुमारे ७८ किलोमीटर आहे. नंतर जोराच्या वेगाच्या, एसीच्या आणि थंडीच्या चाचण्याही हिशेबात आल्या, तरी सतत १३० ने जाणाऱ्याने ईपीएच्या आकड्याची अपेक्षा धरू नये.

पेट्रोलच्या बाबतीत काटकसर उलटू शकते. या इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते, १३ ला १ आहे आणि त्याला उच्च ऑक्टेनचे, म्हणजे दाबाखाली आपोआप सहज न पेटणारे, पेट्रोल वापरण्याची शिफारस आहे. कमी ऑक्टेनवर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून इंजिनाला बसणारे ठोके) टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद व मायलेज दोन्ही घटतात. टायरमधील हवा गाडी थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरावी. अधिक रुंद आणि चिकट टायर बसवले तर त्यांची किंमत मायलेजमध्येही मोजावी लागते.

या साऱ्याचा परिणाम मोजताना डॅशबोर्डच्या आकड्यावर विसंबू नये. पंपावर नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथेच थांबावे, ओडोमीटरची नोंद करावी, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसेच भरावे आणि कापलेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवर न जाता तीन-चार टाक्यांची सरासरी काढावी, आणि उन्हाळ्याची तुलना हिवाळ्याशी करू नये, कारण थंडीत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, मायलेज स्पष्टपणे घसरते. शिवाय १०० किलोमीटरला किती लिटर लागले, हेही लिहून ठेवावे. लिटरला १० वरून १२ किलोमीटरवर आल्यास १०० किलोमीटरमागे १.६७ लिटर वाचतात, तर १४ वरून १६ वर गेल्यास ०.८९ लिटर. ज्याची गाडी आज शहरात १० देते, त्याने महामार्गाचा आकडा वाढवण्याआधी घरापासून कार्यालयापर्यंतच्या सिग्नलांकडे लक्ष द्यावे.